फिल्टरमधले जीवाणू येतात कोठून, बसतात कसे, आणि धुतल्यावर काय बिघडते

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही उत्तराचा संदर्भ कळेल. साताऱ्यात आपल्या घरी सुमारे १०० लिटरची काचपेटी आहे, तिच्यात सहा मॉली आणि चार एंजल होते, वर टॉप फिल्टर बसवलेला आहे, नळाला कासचे पाणी येते आणि टेस्ट किटवर त्याचा केएच (पाण्यातल्या कार्बोनेटांचे माप) २ ते ३ अंश दिसतो. पाच महिने सगळे सुरळीत चालले. मग एका रविवारी आपण फिल्टरमधला स्पंज आणि सिरॅमिक रिंग्ज नळाखाली ब्रशने घासून लख्ख केल्या, दुपारभर गच्चीवर उन्हात वाळवल्या आणि संध्याकाळी परत बसवल्या. बुधवारी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, म्हणून आपण अर्धे पाणी काढून बोअरचे पाणी भरले, आणि गुरुवारी सकाळी दोन एंजल मेलेले आढळले. दुकानदार जीवाणूंची बाटली घ्यायला सांगतो आहे. हे जीवाणू मुळात येतात कोठून, ते फिल्टरमध्ये बसतात कसे, आणि बाटलीने काम होईल का, असे आपण विचारले आहे.

मी सांगलीत विश्रामबाग भागात राहतो आणि गेली बावीस वर्षे घरांतल्या, दवाखान्यांतल्या आणि हॉटेलांतल्या काचपेट्यांची देखभाल करतो. या काळात माशांच्या आजारापेक्षा फिल्टरच्या साफसफाईने मेलेले मासे मी अधिक पाहिले आहेत, म्हणून हे उत्तर लांबले तरी पूर्ण लिहितो.

फिल्टर म्हणजे गाळणी, ही समजूत सर्वांत आधी बाजूला ठेवावी लागते. गाळ अडवणे हे त्याचे दुय्यम काम आहे. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत पाण्यात येत असतो, आणि उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. हा अमोनिया पाण्यात विरघळलेला असल्यामुळे कोणत्याही स्पंजात अडकत नाही. त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू स्पंजाच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात, आणि खरा फिल्टर तेच असतात. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही माशांना विषारी आहेत. नायट्रेट त्यामानाने पुष्कळ सौम्य असते आणि पाणी बदलून कमी करता येते.

हे जीवाणू विकत आणावे लागत नाहीत. नव्या माशांबरोबर, वनस्पतींच्या मुळांबरोबर, वाळूबरोबर, आणि थोड्या प्रमाणात नळाच्या पाण्याबरोबरही ते पेटीत येतात, कारण पाणीपुरवठ्याच्या नळांच्या आतल्या बाजूलाही त्यांची वस्ती असते. त्यांचे येणे अवघड नसते, त्यांची संख्या वाढणे अवघड असते. अमोनियाचे नायट्राइट करताना जी ऊर्जा सुटते ती फारच थोडी असते; तेवढ्यावर जगायचे आणि शरीर घडवायला लागणारा कार्बनही पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडमधून मिळवायचा, असा त्यांचा संसार असतो. त्यामुळे ते अतिशय सावकाश वाढतात. प्रयोगशाळेत उत्तम परिस्थितीत आतड्यातला ई. कोलाय हा जीवाणू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो, तर अमोनिया खाणाऱ्या जीवाणूंना दुप्पट व्हायला अनुकूल परिस्थितीतही आठ तास लागतात आणि घरातल्या पेटीत बहुतेक वेळा एक दिवस किंवा त्याहून अधिक. आपल्या स्वयंपाकघरातले विरजण डोळ्यांपुढे आणा: रात्री चमचाभर दही घातले की सकाळी पातेले लागलेले असते, कारण दह्याचे जीवाणू वेगाने वाढतात आणि त्यांच्यापुढे दुधातली साखर तयार असते. फिल्टरलाही विरजण लागते, पण तो एका रात्रीत लागत नाही. त्याला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात, आणि डिसेंबर-जानेवारीत हीटर नसलेल्या पेटीत त्याहूनही अधिक.

आता ते बसतात कसे ते पाहू. नवा स्पंज पाण्यात टाकला की काही तासांतच त्यावर विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांचा अतिशय पातळ लेप बसतो. त्यावर आधी वेगाने वाढणारे, कुजणाऱ्या पदार्थांवर जगणारे जीवाणू चिकटतात आणि आपल्याभोवती चिकट द्रव्य सोडतात. नव्या पेटीचे पाणी दुसऱ्या-चौथ्या दिवशी दुधाळ होते ते याच मंडळींच्या पाण्यात तरंगणाऱ्या गर्दीमुळे. त्याचा अर्थ फिल्टर तयार झाला असा होत नाही. त्या चिकट थरात अमोनिया खाणारे जीवाणू रुजतात आणि घट्ट पुंजके करून राहतात, आणि त्यांच्या अगदी शेजारी नायट्राइट खाणाऱ्यांचे पुंजके येतात, कारण शेजाऱ्याने टाकलेले नायट्राइट हेच त्यांचे अन्न असते. शेजारी कामाला लागेपर्यंत यांना खायला काही नसते, म्हणून नव्या पेटीत आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, त्याच्यामागून नायट्राइट चढते आणि उतरते, आणि मग नायट्रेट वाढताना दिसते. दुसरा चढ बहुधा तिसऱ्या आठवड्यात येतो, आणि अनेक जण पहिला चढ ओसरला म्हणून नेमके तेव्हाच नवे मासे आणून टाकतात.

या जिवंत थराला बायोफिल्म म्हणतात. तो फार जाड झाला तर उपयोगाचा राहत नाही, हे सहसा सांगितले जात नाही. वरून येणारा प्राणवायू मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपलीकडे फारसा पोहोचत नाही; त्याखालच्या थराला अमोनिया संपवण्याचे काम जमत नाही. म्हणून फिल्टर कधीच धुऊ नये, हा सल्लाही चुकीचाच आहे. छिद्रे बुजली की पाणी आत न शिरता बाजूने निघून जाते, आणि आतले जीवाणू अन्न व प्राणवायू या दोन्हींना मुकतात. निरोगी स्पंज हातात घेऊन पाहा: तो तपकिरी असतो, दाबल्यावर चहाच्या चोथ्यासारखा बारीक गाळ सुटतो आणि त्याला ओल्या मातीचा वास येतो. काळपट, बुळबुळीत आणि सडक्या अंड्याचा वास येणारा स्पंज गुदमरलेला असतो.

जीवाणूंच्या नावांविषयी थोडे सांगतो, कारण बाटलीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. १८९०च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने झुरिकमध्ये हे जीवाणू वेगळे करून दाखवले आणि हे काम दोन टप्प्यांत, दोन निराळे गट करतात, हे सिद्ध केले. त्यानंतर शंभर वर्षे पुस्तकांत नायट्रोसोमोनस आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी पाठ केली गेली. १९९६ मध्ये टिमोथी होवानेक आणि एडवर्ड डीलाँग यांनी काचपेट्यांच्या फिल्टरांतल्या जीवाणूंची जनुकीय तपासणी केली, तेव्हा गोड्या पाण्याच्या पेट्यांत त्यांना नायट्रोबॅक्टर सापडलाच नाही. १९९८ मध्ये होवानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की तिथे नायट्राइट संपवण्याचे काम नायट्रोस्पायरा गटाकडे आहे. कारण समजण्यासारखे आहे. नायट्रोबॅक्टरला भरपूर नायट्राइट लागते, म्हणून तो प्रयोगशाळेच्या बाटलीत जोमाने वाढतो. नायट्रोस्पायरा अगदी अल्प नायट्राइटवर टिकून राहतो, आणि माशांच्या पेटीत नायट्राइट अल्पच असावे लागते. पुढे २०११ मध्ये कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी अनेक गोड्या पाण्याच्या फिल्टरांत अमोनियाचे काम जीवाणूंपेक्षा आर्किया नावाचे निराळे सूक्ष्मजीवच जास्त करत असल्याचे दाखवले, आणि २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायराही सापडले. त्यांतले काही मत्स्यसंवर्धनाच्या गाळण यंत्रणेतूनच मिळाले होते.

यावरून बाटलीबद्दल माझे मत असे झाले आहे. योग्य जातीचे, जिवंत जीवाणू असलेल्या बाटलीचा उपयोग होतो. पण हे जीवाणू बीजाणू करून कोरड्या झोपेत जाऊ शकत नाहीत, म्हणून कोरड्या भुकटीच्या स्वरूपात जे मिळते ते बहुधा गाळ कुजवणारे दुसरेच जीवाणू असतात, आणि एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात टपाल गाडीतून आलेली किंवा दुकानाच्या काचेमागे तापलेली बाटली किती जिवंत असेल, हे तिच्या वेष्टनावरून कळत नाही. तिची परीक्षा एकच आहे: बाटली घातल्यावर चार-पाच दिवसांत, पाणी न बदलता, किटवरचा अमोनिया उतरायला हवा. मी स्वतः बाटलीवर विसंबत नाही. जुन्या, निरोगी पेटीतल्या चालू स्पंजाचा तळहाताएवढा तुकडा तिच्यापेक्षा कितीतरी मोलाचा असतो.

आता आपल्या रविवारकडे येतो. नळाच्या पाण्याने धुतले म्हणजे सगळे जीवाणू तत्काळ मेले, असे अनेक जण सांगतात. ते पूर्ण खरे नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते, आणि चिकट थराच्या आत असलेले जीवाणू एवढ्या क्लोरीनचा धावता मारा बऱ्याच अंशी सोसतात. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास येतो तेव्हा नुकसान अधिक होते. आपल्या बाबतीत मात्र तीन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या. ब्रशने तो थरच खरवडला गेला, क्लोरीनचे पाणी उघड्या पडलेल्या जीवाणूंवर गेले, आणि उरलेसुरले उन्हात वाळले. यांत सर्वांत घातक वाळवणे होते, कारण ओल संपली की या जीवाणूंकडे बचावाचा मार्गच उरत नाही. शिवाय टॉप फिल्टरमधले सगळे माध्यम, म्हणजे स्पंज आणि रिंग्ज, एकाच वेळी बाहेर काढल्यामुळे मागे राखीव असे काही राहिले नाही. काच, वाळू आणि पानांवर थोडे जीवाणू असतात, पण दहा माशांचा भार त्यांना पेलत नाही.

त्यापुढचा हिशेब मांडून दाखवतो. आपण दोन वेळा मिळून रोज सुमारे २ ग्रॅम खाद्य घालता असे लिहिले आहे. खाद्यात ४० टक्के प्रथिने धरली तर मत्स्यपालनातल्या रूढ सूत्राने त्यापासून दिवसाला सुमारे ७४ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येते, म्हणजे १०० लिटरला रोज लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम. रविवार संध्याकाळ ते बुधवार संध्याकाळ या तीन दिवसांत ते २ च्या वर गेले असणार. पण पाण्यातला सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो. पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे याचे माप) ७ आणि तापमान २५ अंश असताना त्यातला जेमतेम अर्धा टक्का जहाल रूपात असतो. पीएच ८ असताना तोच सुमारे ५ टक्के होतो. कासचे पाणी म्हणजे जांभ्याच्या पठारावरचे, पावसाचे साठलेले, क्षार कमी असलेले हलके पाणी. पाच महिने चाललेल्या पेटीत त्याचा पीएच ७ किंवा त्याच्या खालीच असण्याची दाट शक्यता आहे. बुधवारी आपण त्यात अर्धे बोअरचे जड पाणी घातले. अमोनिया निम्मा झाला, पण पीएच ८ च्या आसपास गेल्यामुळे जहाल भाग चार-पाच पटींनी वाढला, आणि आधीच कल्ले सुजलेले एंजल ते सोसू शकले नाहीत. आपण माशांच्या काळजीपोटीच पाणी बदलले होते आणि पाणी बदलणे योग्यच होते. तेवढे पाणी त्याच नळाचे, क्लोरीन घालवलेले, आणि एका वेळी पाव पेटीइतके हवे होते.

हलक्या पाण्याचा दुसरा धोका आपल्याला पुढेही सांभाळावा लागेल. अमोनियाचे रूपांतर होताना आम्ल तयार होते आणि ते पाण्यातल्या कार्बोनेटांना खाऊन टाकते. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या बरोबरीचा हा खर्च असतो. आपल्या पेटीत म्हणजे दिवसाला लिटरमागे पाच मिलिग्रॅमहून थोडा अधिक. आपला केएच अडीच अंश धरला तर पाण्यात सुमारे ४५ मिलिग्रॅमची शिल्लक आहे, म्हणजे पाणी बदलले नाही तर ती आठ-नऊ दिवसांत संपते. ती संपली की पीएच घसरतो, साडेसहाच्या खाली जीवाणूंचे काम मंदावते आणि सहाच्या खाली जवळजवळ थांबते. सांगली-मिरजेकडे बोअरच्या पाण्यावर मला ही अडचण फारशी येत नाही, पण हलक्या पाण्याच्या पेट्यांत ती वारंवार दिसते, आणि लोक मात्र फिल्टर लहान आहे म्हणून दुसरा विकत घेतात. फिल्टरमध्ये कापडी पिशवीत मूठभर शिंपल्यांचा चुरा ठेवावा. तो सावकाश विरघळून ही शिल्लक भरत राहतो. तातडीची गरज असेल तर १०० लिटरला ५ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून घातल्याने सुमारे ३० मिलिग्रॅमची भर पडते. मात्र किटवर अमोनिया दिसत असताना सोडा घालू नये. बुधवारी जे झाले तेच पुन्हा होईल.

प्राणवायूची गरज तर याहून निकडीची असते. वरच्याच हिशेबाने आपल्या फिल्टरमधल्या जीवाणूंना दिवसाला सुमारे ३४० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, म्हणजे तासाला १४. टॉप फिल्टर उघडा असतो, त्यामुळे वीज गेली तरी ओल्या स्पंजाला हवा मिळत राहते. बंद डब्यासारख्या फिल्टरची, म्हणजे कॅनिस्टरची, गोष्ट निराळी आहे. तीन लिटरच्या कॅनिस्टरमध्ये कोंडलेल्या पाण्यात सारा मिळून वीस-बावीस मिलिग्रॅम प्राणवायू असतो. वीज गेल्यावर नवा अमोनिया येणे थांबते आणि हे जीवाणू मंदावतात, पण गाळ कुजवणारे थांबत नाहीत, आणि दोन-तीन तासांत आत घुसमट सुरू होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या भागात चार दिवस वीज नव्हती. एका घरी वीज आल्याबरोबर कॅनिस्टर तसाच सुरू केला गेला. मी पोहोचलो तेव्हा पेटीभर सडक्या अंड्याचा वास होता आणि झाकण उघडल्यावर आतल्या रिंग्ज डांबरासारख्या काळ्या झालेल्या होत्या. माझ्या स्वतःच्या घरी मी पहिल्याच दिवशी कॅनिस्टरमधले स्पंज काढून उथळ परातीत, अर्धे पाण्यात आणि अर्धे हवेत, असे ठेवले होते, आणि दर दोन तासांनी पेटीतले पाणी तांब्याने त्यांच्यावर ओतत होतो. माशांना चार दिवस काही खायला दिले नाही. पाचव्या दिवशी तेच स्पंज बसवले, आणि किटवर अमोनिया अगदी किंचित दिसून दोन दिवसांत नाहीसा झाला. भुकेने हे जीवाणू लवकर मरत नाहीत. कोरडे पडणे आणि गुदमरणे त्यांना सोसत नाही.

माध्यम कोणते घ्यावे यावर फार खर्च करू नका. महागड्या रिंग्जच्या आतल्या बारीक छिद्रांचे क्षेत्रफळ कागदावर मोठे असते, पण गाळाने ती छिद्रे बुजली की उपयोग बाहेरच्या पृष्ठभागाचाच राहतो. मोठ्या छिद्रांचा साधा जाड स्पंज घ्यावा, त्याचे दोन वेगळे तुकडे ठेवावेत आणि एका वेळी एकच धुवावा. पाणी बदलताना पेटीतून काढलेले पाणी बादलीत घ्यायचे, स्पंज त्यात दोन-तीनदा पिळायचा आणि लगेच परत बसवायचा. तो तपकिरीच राहायला हवा. फिल्टरमधून येणारी धार मंदावली की धुण्याची वेळ झाली असे समजावे, कॅलेंडर पाहून धुऊ नये. निळे औषध किंवा अँटिबायोटिक द्यायची वेळ आली तर आजारी मासा वेगळ्या बादलीत काढून द्यावे, कारण ही औषधे फिल्टरलाही मारतात.

आत्ता आपल्याकडे आठ मासे उरले आहेत. त्यांना एक दिवसाआड, तेही पूर्वीच्या एक चतुर्थांश खाद्य घाला. रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा, आणि दोन्हींची बेरीज लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर गेली तर पाव पेटी पाणी बदला, नळाचेच, अँटी-क्लोरीन घालून. एअर पंप दिवसरात्र चालू ठेवा. १०० लिटरला १० ग्रॅम साधे मीठ विरघळवून घाला, म्हणजे पुढच्या आठवड्यात नायट्राइट चढेल तेव्हा ते माशांच्या रक्तात शिरण्याला अडथळा होईल. नायट्राइटने रक्त प्राणवायू वाहू शकत नाही आणि कल्ले तपकिरी दिसू लागतात. पुन्हा कधी नवी पेटी माशांविना तयार करायची झाली तर प्रयोगशाळेच्या दर्जाचा नवसागर (अमोनियम क्लोराइड) १०० लिटरला पाऊण ग्रॅम घालून जीवाणूंना खाऊ घालता येते. कल्हईवाल्याकडचा नवसागर मात्र वापरू नका, त्यात काय मिसळलेले असेल ते सांगता येत नाही.

साताऱ्यात ओळखीत कोणाची जुनी, आजार नसलेली पेटी असेल तर तिच्यातला चालू स्पंज मागून घ्या. नसेल तर माझ्या पेटीतला अर्धा स्पंज मी आनंदाने देईन. सांगलीहून साताऱ्याला यायला तीन तास लागतात, तेवढा प्रवास तो सहज सोसतो. पाण्याने भरलेल्या बंद पिशवीत तो गुदमरेल, म्हणून नुसता ओला स्पंज मोठ्या डब्यात ठेवायचा, झाकण सैल ठेवायचे आणि डबा उन्हात राहू द्यायचा नाही. घरी पोहोचल्यावर न धुता तो फिल्टरमध्ये सर्वांत वर, पाणी पहिल्यांदा पडते तिथे ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाद्य घालण्याआधी अमोनिया मोजून मला कळवा.